एकट्याने खेळायचा खेळ

मंडळी, आज सुरुवातीलाच थोडं काम. कागद-पेन घ्या. मोबाईलमधला कॅल्क्युलेटर चालेल, एक्सेल उघडू नका!

कुठलीही चार आकडी संख्या घ्या. अट एकच, चारही आकडे सारखे नकोत. आता तिचे आकडे आधी उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याला पुन्हा हाच प्रकार. मधेच तीन आकडी उत्तर आलं तर त्याच्यापुढे एक शून्य लावून चार आकडे पुरे करायचे. उदाहरणार्थ मी १९७५ घेतो. (हेच साल का, ते पुढे कळेल.)

९७५१ − १५७९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ चं हेच करून पाहा. ७६४१ − १४६७, म्हणजे परत ६१७४! इथून सुटका नाही. तुम्ही कुठल्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत या एकाच आकड्यापाशी येऊन थांबता. सगळे रस्ते दादरला, तसं. :)

या ६१७४ ला जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. प्रोग्रामिंग शिकताना व्हाइल लूपच्या सरावात तो बऱ्याच जणांना भेटतो. नाव मराठी आहे हे लक्षात येतं, थोडा अभिमान वाटतो आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पण हे नाव जगभर पोचलं कसं, ही गोष्ट त्या आकड्याहून मजेदार आहे. तिच्यात दोन माणसं आहेत. दोघंही आयुष्यभर नेमाने लिहीत राहिले, दोघंही कोड्यांचे वेडे. एकाला वाचक मिळायला जन्म जायची वेळ आली, आणि दुसऱ्याला इतके वाचक मिळाले की त्यांच्या पत्रांतूनच त्याचं पुढचं लिखाण उभं राहत गेलं. शेवटी दुसरा पहिल्याचा वाचक झाला, आणि मग सगळंच बदललं.

*

पहिला माणूस म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता, म्हणजे घरात आकडेमोड सतत चालू. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याला फर्ग्युसनमधे. तिथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. १९२९ ला बीएस्सी झाले आणि नाशिकजवळ देवळालीला शाळेत मास्तर म्हणून लागले. १९६२ मधे निवृत्त होईपर्यंत तिथेच. पुढची डिग्री नाही, पीएचडी नाही, विद्यापीठातली नोकरी नाही.

मास्तरांना संख्यांचं व्यसन होतं. 'व्यसन' हा माझा शब्द नाही बरं का! दारुड्याला जसं त्या धुंदीतून बाहेर यावंसं वाटत नाही, तसं माझं संख्यांच्या बाबतीत होतं, अशा अर्थाचं ते स्वतःच म्हणत. आणि ते खरंच तसं होतं. चालता-बसता, प्रवासात, स्टेशनवर, डोक्यात आकडेच. १२१, १२३२१ अशा ज्या संख्या ११, १११ यांच्या वर्गातून येतात, त्यांच्या कुटुंबाला त्यांनी 'डेम्लो संख्या' असं नाव दिलं. कारण ती कल्पना त्यांना जीआयपी रेल्वेच्या डेम्लो स्टेशनवर सुचली. हे डेम्लो म्हणजे आजचं डोंबिवली, असं सांगतात. डोंबिवलीकरांनो, सकाळी ८ ची फास्ट पकडताना तुम्हाला काय सुचतं?

त्यांच्या बाकीच्या शोधांवरही एक नजर टाकू. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे केले, २० आणि २५, आणि बेरीज केली की परत ४५! २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. अशांना आता 'कापरेकर संख्या' म्हणतात. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो तिला त्यांनी 'हर्षद संख्या' म्हटलं, म्हणजे आनंद देणारी. १७२९ ही तशी आहे: अंकांची बेरीज १९, आणि १९ × ९१ = १७२९. नाव ठेवण्यातसुद्धा माणसाचा स्वभाव दिसतो. दुसऱ्या कुणी तिला 'अंकबेरीज-विभाज्य' वगैरे म्हटलं असतं, आणि परीक्षेनंतर कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं.

पण हे सगळं वाचायचं कुणी? इथे मास्तरांची गाडी अडली. आपल्याकडच्या गणितज्ञांनी सुरुवातीला त्यांना फारसं मनावर घेतलं नाही. मोठ्या नियतकालिकांतून जागा मिळेना. मग ते छोट्या नियतकालिकांत लिहीत, आणि बऱ्याचदा स्वतःच्या खर्चाने देवळालीहून पुस्तिका छापत. गणिताच्या परिषदांना पदरमोड करून जात. १९४९ साली मद्रासच्या परिषदेत त्यांनी ६१७४ ची गंमत सांगितली. त्याच वर्षी न्यूयॉर्कहून निघणाऱ्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात त्यांची एक छोटी टिपण आली. तिचं शीर्षक होतं 'अनदर सॉलिटेअर गेम'. एकट्याने खेळायचा आणखी एक खेळ! १९५५ ला त्याच नियतकालिकात ६१७४ वर आणखी एक टिपण. आणि मग शांतता.

त्या शीर्षकापाशी मी दर वेळी थबकतो. मास्तरांनी ते पत्त्यांच्या डावावरून सहज दिलं असणार. पण एका माणसाच्या तीस-चाळीस वर्षांच्या लिखाणाला याहून चपखल शीर्षक सापडणार नाही.

*

आता इथे एक प्रामाणिक प्रश्न विचारायला हवा. त्या गणितज्ञांचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं का?

जी. एच. हार्डी, म्हणजे आपल्या रामानुजनला केंब्रिजला बोलावणारे, यांनी १९४० साली 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' हे पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी दोन उदाहरणं दिली आहेत. ८७१२ आणि ९८०१ या दोनच चार आकडी संख्या आपल्या उलट्या रूपाच्या पूर्ण पटीत आहेत: ८७१२ = ४ × २१७८ आणि ९८०१ = ९ × १०८९. (उलटसुलट सारख्याच दिसणाऱ्या संख्या सोडून, अर्थात.) हार्डींचं मत असं, की हे वर्तमानपत्रातल्या कोड्यांच्या सदराला ठीक आहे, हौशी लोकांची करमणूक होईल, पण खऱ्या गणितज्ञाला यात काही नाही. कारण असल्या गोष्टींतून पुढे काही निघत नाही.

तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर मुद्दा बरोबर आहे. ६१७४ ची जादू ही आपल्या दशमान पद्धतीची जादू आहे. आपल्याला दहा बोटं आहेत म्हणून आपण दहाने मोजतो. बेस बदला, दहाऐवजी आठ किंवा सोळा घ्या, की ६१७४ ला काही अर्थ उरत नाही. तिथे वेगळंच काहीतरी घडतं. आपल्या भाषेत सांगायचं तर हा संख्येचा गुण नाही, तिच्या डिस्प्ले फॉरमॅटचा गुण आहे! डेटा तोच, फक्त दाखवायची पद्धत बदलली की गंमत गायब. गंभीर गणितज्ञाने नाक मुरडलं तर समजू शकतो.

पण हार्डींच्या त्या शेऱ्यात एक शब्द आहे, 'कोड्यांचं सदर'. त्यांनी तो हिणवण्यासाठी वापरला होता. आणि आपल्या मास्तरांना जगापुढे आणलं ते नेमकं एका कोड्यांच्या सदरानेच.

*

दुसरा माणूस मार्टिन गार्डनर. जन्म २१ ऑक्टोबर १९१४, अमेरिकेतल्या ओक्लाहोमामधल्या टल्सा गावचा. शिकला काय, तर शिकागोला तत्त्वज्ञान, १९३६ ची पदवी. दुसऱ्या महायुद्धात आरमारात होता. नंतर कथा लिहून विकल्या, मग 'हम्प्टी डम्प्टी' नावाच्या लहान मुलांच्या मासिकात आठेक वर्षं नोकरी केली. तिथे काम काय? कागद कापून, घडी घालून करायचे खेळ तयार करणं. शिवाय जादूच्या प्रयोगांचा नाद लहानपणापासून. कॉलेजात गणित शिकलेला नाही. कॅल्क्युलसच्या पुढे आपल्याला काही कळत नाही, हे तो जन्मभर उघडपणे सांगत आला.

डिसेंबर १९५६ मधे 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्याचा एक लेख आला, 'हेक्साफ्लेक्सागॉन' या कागदी खेळण्यावर. कागदाची लांब पट्टी त्रिकोणांत दुमडत गेलं की एक षटकोन तयार होतो, आणि तो चिमटून उलगडला की आतून नवीनच बाजू बाहेर येते. प्रिन्स्टनला शिकायला आलेल्या आर्थर स्टोन या इंग्रज विद्यार्थ्याने १९३९ साली तो शोधला होता. अमेरिकन कागद त्याच्या इंग्लंडहून आणलेल्या फाइलमधे बसेना, म्हणून त्याने कागदाच्या कडा कापल्या, आणि त्या पट्ट्यांशी चाळा करता करता हे निघालं! त्याच्यासोबत खेळणाऱ्या मित्रांमधे रिचर्ड फाइनमनही होता.

लेख इतका चालला की संपादकाने गार्डनरला विचारलं, असं दर महिन्याला लिहिता येईल का? गार्डनर 'हो' म्हणाला. मग बाहेर पडून न्यूयॉर्कमधल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत गेला आणि गणितातल्या करमणुकीवरची मिळतील तेवढी पुस्तकं गोळा केली, कारण त्याच्याकडे त्यातलं एकही नव्हतं! आधी कमिटमेंट, मग गूगल, हा प्रकार आपल्या इंडस्ट्रीने शोधला असं वाटत असेल तर विसरा. :)

जानेवारी १९५७ मधे 'मॅथेमॅटिकल गेम्स' हे सदर सुरू झालं आणि १९८१ पर्यंत चाललं. जवळजवळ पंचवीस वर्षं. शेवटचं वर्ष सोडलं तर दर महिन्याला, न चुकता.

पंचवीस वर्षं दर महिन्याला नवीन विषय! आपल्याला दर शुक्रवारचा स्टेटस रिपोर्ट लिहायचा कंटाळा येतो. त्याला हे जमलं कसं? प्रतिभा वगैरे सोडून देऊ, ती काही आपल्या हातात नसते. त्याच्या काही साध्या सवयी मात्र समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली सवय: तो स्वतःला समजेपर्यंत लिहीत नसे. गणित येत नसल्यामुळे त्याला प्रत्येक विषय समजून घ्यायला खूप वेळ लागे, आणि समजायला नेमकं कुठे अवघड गेलं हे त्याच्या लक्षात राही. त्यामुळे वाचक कुठे अडखळेल हे त्याला आधीच ठाऊक असायचं. आपलं सदर चाललं त्याचं गुपित हेच, असं त्याचं म्हणणं. तज्ज्ञ माणसाची पंचाईत हीच असते, की आपण कधीकाळी कुठे अडलो होतो ते तो पार विसरून गेलेला असतो.

दुसरी सवय: उत्तर लगेच द्यायचं नाही. कोडं या महिन्यात, उत्तर पुढच्या अंकात. म्हणजे वाचकाच्या हातात पूर्ण महिना. आज आपल्याला उत्तर तीन सेकंदांत मिळतं, त्यामुळे एक महिना कोडं डोक्यात घेऊन फिरणं म्हणजे काय हे नीट कळत नाही. लोक त्यावर झोपायचे, जेवताना विचार करायचे, ऑफिसात फळ्यावर मांडायचे. पुढचा अंक येईपर्यंत ते वाचक राहिलेलेच नसत, खेळाडू झालेले असत.

तिसरी सवय, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: तो पत्रं मनापासून वाचायचा, आणि वाचकाने त्याच्यापेक्षा चांगलं उत्तर काढलं तर ते त्या वाचकाच्या नावाने छापायचा. सदरातले लेख पुढे पुस्तकांत आले (अशी पंधरा पुस्तकं झाली), तेव्हा प्रकरणाच्या शेवटी पुरवणी जोडलेली असे: अमुक वाचकाने ही सुधारणा सुचवली, तमुकाने ही चूक दाखवली.

याचा परिणाम काय झाला, त्याची तीन उदाहरणं.

ऑक्टोबर १९७० मधे त्याने केंब्रिजच्या जॉन कॉनवेच्या 'लाइफ' या खेळावर लिहिलं. चौकटींचा कागद, प्रत्येक घर जिवंत किंवा मेलेलं, आणि शेजारची किती घरं जिवंत आहेत त्यावरून पुढच्या पिढीत काय होणार ते ठरतं. कॉनवेने ५० डॉलरचं बक्षीस लावलं: अंत नसलेली वाढ होईल अशी सुरुवातीची रचना आहे, की अशी रचना शक्यच नाही? वर्षअखेरच्या आत सिद्ध करा. नोव्हेंबरमधेच एमआयटीच्या बिल गॉस्पर आणि मंडळींनी 'ग्लायडर गन' शोधून काढली. ती दर ३० पिढ्यांनी एक नवा 'ग्लायडर' बाहेर सोडते, कायमची. कंपन्यांच्या महागड्या कॉम्प्युटरवर लोक चोरून हा खेळ चालवू लागले. ऑफिसच्या मशीनवर टाइमपास करणाऱ्यांचे हे आद्य पूर्वज!

दुसरं उदाहरण ऑगस्ट १९७७ चं. एमआयटीच्या रिवेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी गुप्त संदेश पाठवायची नवी पद्धत काढली होती, आणि ती सर्वसामान्यांपुढे पहिल्यांदा आली ती गार्डनरच्या सदरातून. होय, तीच आरएसए! सोबत १२९ आकडी संख्या आणि एक संदेश, फोडणाऱ्याला १०० डॉलर. गार्डनरने लिहिलं होतं की सविस्तर टिपण हवं असेल तर एमआयटीला स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट पाठवा. हजारो पाकिटं आली. हे कोडं सुटायला १९९४ उजाडलं. इंटरनेटवरून जमलेल्या सहाशेच्या आसपास स्वयंसेवकांनी मिळून ती संख्या फोडली. संदेश निघाला: 'द मॅजिक वर्ड्स आर स्क्वीमिश ऑसिफ्रेज'. ऑसिफ्रेज म्हणजे हाडं फोडून खाणारं एक गिधाड. अर्थ काही नाही. सतरा वर्षं वाट पाहून निघालं काय, तर चटकन किळसणारं गिधाड!

तिसरं उदाहरण माझं सगळ्यात आवडतं. जुलै १९७५ च्या अंकात गार्डनरने पंचकोनी फरश्यांबद्दल लिहिलं. एकाच आकाराच्या पंचकोनी फरश्यांनी, मधे फट न सोडता, जमीन भरायची. किती प्रकारच्या पंचकोनांनी हे जमतं? १९६८ मधे एका गणितज्ञाने यादी पूर्ण झाल्याचं सांगितलं होतं. लेख आल्यावर रिचर्ड जेम्स नावाच्या एका कॉम्प्युटरवाल्या वाचकाने यादीत नसलेला एक प्रकार पाठवला. तो छापून आल्यावर सॅन डिएगोच्या मार्जोरी राईसबाईंनी मनावर घेतलं. मासिक घरी यायचं मुलासाठी. बाईंचं गणित शाळेपुरतं. त्यांनी स्वयंपाकघरात बसून, स्वतःची चिन्हांची पद्धत तयार करून, एकामागून एक आकृत्या काढल्या आणि १९७६-७७ मधे चार नवे प्रकार शोधले. आपलं काम त्यांनी गार्डनरला पाठवलं. त्याला स्वतःला ते तपासता येईना, पण त्याने ते कचऱ्यात टाकलं नाही. डोरिस शॅटश्नायडर या गणिताच्या प्राध्यापकबाईंकडे धाडलं, आणि त्यांनी पारखून सांगितलं, बरोबर आहे! पुढे २०१७ साली मिकाएल राव या फ्रेंच गणितज्ञाने सिद्ध केलं की असे बहिर्वक्र पंचकोन एकूण १५ प्रकारचेच. त्या पंधरातले चार राईसबाईंचे, कायमचे.

*

आता मार्च १९७५ कडे येऊ.

त्या महिन्याच्या सदरात गार्डनरने देवळालीच्या एका निवृत्त मास्तरांबद्दल आणि त्यांच्या 'सेल्फ नंबर्स'बद्दल लिहिलं. मराठीत त्यांना स्वयंभू संख्या म्हणतात, आणि हा शब्द मूळ इंग्रजीपेक्षा कितीतरी छान आहे. स्वयंभू गणपतीसारखा!

कल्पना सोपी आहे. एक संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ घेतले तर २१ + २ + १ = २४. म्हणजे २१ हा २४ चा जनक. २४ पासून ३०, ३० पासून ३३, ३३ पासून ३९, अशी वंशावळ चालू. काही संख्यांना दोन जनक असतात: १०१ ही ९१ पासूनही येते आणि १०० पासूनही. आणि काहींना जनकच नसतो. २० घ्या. कुठल्याही संख्येपासून निघा, २० वर येताच येत नाही. तशाच ३१, ४२, ५३, ६४. या स्वयंभू. कुणापासून जन्मलेल्या नाहीत, आपल्या आपण आहेत. या संख्यांना 'देवळाली संख्या' असंही म्हणतात. मास्तरांनी यांच्यावर १९६३ मधे देवळालीहून एक छोटी पुस्तिका काढली होती. गंमत बघा, १९६३ ही स्वतः स्वयंभू संख्या आहे. पडताळून पाहा.

ती पुस्तिका निघाली तेव्हा मास्तर निवृत्त झालेले होते. १९६६ ला त्यांची पत्नी गेली. पेन्शन अपुरी. राहणी अगदी काटकसरीची होती तरी भागेना, म्हणून गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागत. उरलेला वेळ आकड्यांचा. १९४९ चं ते टिपण आणि १९७५ चा हा लेख यांच्यामधे २६ वर्षं आहेत. मार्च १९७५ ला मास्तर सत्तरीचे होते.

आणि त्यानंतर? कापरेकर हे नाव जगातल्या गणितप्रेमींच्या तोंडी झालं. ज्यांनी हार्डी वाचला होता त्यांनीही, आणि ज्यांनी नव्हता त्यांनीही, कागद घेऊन आकडेमोड सुरू केली. ६१७४ वर, स्वयंभू संख्यांवर पुढे रीतसर गणिती निबंध निघाले: पाच आकड्यांत काय होतं, दुसऱ्या बेसमधे काय होतं. म्हणजे हार्डी ज्याला 'पुढे काही निघत नाही' म्हणत होते, त्यातून थोडंफार का होईना, निघालंच. मास्तर १९८६ साली गेले. अखेरची अकरा वर्षं तरी त्यांना ठाऊक होतं की खेळात आपण एकटे नाही.

एक गोष्ट मला सगळ्यात रंजक वाटते. 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' आठवतंय ना, जिथे मास्तरांचं टिपण आलं होतं? जादू आणि गणित यांच्यावरचे गार्डनरचे सुरुवातीचे लेखही त्याच नियतकालिकात, त्याच सुमारास येत होते. म्हणजे चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस हे दोघं एकाच नियतकालिकाच्या पानांवर वावरत होते, एक देवळालीहून, दुसरा न्यूयॉर्कहून. तरी जग मास्तरांकडे वळायला पाव शतक लागलं. छापून येणं आणि वाचलं जाणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

वाचक नसल्याची किंमत काय असते, हेही याच गोष्टीत दिसतं. हर्षद संख्यांना परदेशात 'निवेन नंबर्स' म्हणतात, कारण १९७७ मधे आयव्हन निवेन या गणितज्ञाने एका व्याख्यानात त्यांचा उल्लेख केला. स्वयंभू संख्यांचं आणखी एक नाव 'कोलंबियन नंबर्स', कारण कोलंबियाच्या बर्नार्डो रेकामान यांनी सत्तरीच्या दशकात तोच प्रश्न 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली'त स्वतंत्रपणे विचारला. यात कुणी कुणाचं चोरलेलं नाही. मास्तरांची पुस्तिका त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती, इतकंच. जे वाचलं गेलं नाही ते कुणीतरी पुन्हा शोधतो, आणि नाव त्याचं लागतं.

*

मग या सगळ्यातून घ्यायचं काय?

'लिहीत राहा, वाचक आपोआप येतील' असं म्हणणं सोपं आहे, पण मास्तरांची गोष्ट तसं सांगत नाही. वाचक आपोआप येत नाहीत. गार्डनरच्या हातात लाखो घरांत जाणारं मासिक होतं, मास्तरांच्या हातात देवळालीचं पोस्ट ऑफिस. त्यात दोघांच्या गुणांचा फरक शोधू नये. आपल्यातले कितीतरी जण रात्री जागून एखादा छोटा प्रोग्रॅम लिहितात, तो जगासाठी खुला करतात, आणि वर्षभरात त्याकडे ढुंकून बघणारे दोन निघतात, त्यातला एक स्वतःच. त्यांना कुणी 'गुणवत्ता असेल तर दखल घेतली जाते' असं सांगू नये.

पण दोघांचं एक साम्य मात्र पाहण्यासारखं आहे. दोघांनीही जे मांडलं ते वाचून होत नाही, करून पाहावं लागतं. ६१७४ चं वर्णन कितीही करा, स्वतः वजाबाकी केल्याशिवाय मजा नाही. फरक एवढाच, की मास्तरांच्या खेळाला दुसरा खेळाडू मिळायला २६ वर्षं लागली. आणि तो खेळाडू मिळाला तो कुणी मोठा प्रोफेसर नव्हता. कॅल्क्युलसच्या पुढे न गेलेला, कागदाच्या घड्या घालणारा माणूस होता. कदाचित म्हणूनच 'यातून पुढे काय निघणार' हे न विचारता त्याने आधी करून पाहिलं असावं.

त्यामुळे मला वाटतं, वाचक मिळवण्याचा सल्ला कुणाला द्यायचाच झाला तर तो लिहिणाऱ्याला कमी आणि वाचणाऱ्याला जास्त द्यायला हवा. कुणाची तरी हाताने शिवलेली पुस्तिका, कुठला तरी कोपऱ्यातला प्रोग्रॅम, कुणी दाखवलेलं कोडं समोर आलं, तर लाइक देऊन पुढे जाण्यापेक्षा दहा मिनिटं बसून ते चालवून बघा. चुकलं असेल तर कळवा, आवडलं असेल तर नाव घेऊन चौघांना सांगा. गार्डनर मास्तरांसाठी एवढंच तर करू शकला.

गार्डनर २२ मे २०१० रोजी गेला, ९५ वर्षांचा होऊन. त्याच्या नावाने १९९३ पासून अटलांटाला कोडीवाल्यांचा, जादूगारांचा आणि गणितवाल्यांचा मेळावा भरत आला आहे.

आता शेवटची गंमत. १९७५ या सालाचा जनक कोण? १९५५ + १ + ९ + ५ + ५ = १९७५. म्हणजे १९५५, मास्तरांच्या ६१७४ वरच्या दुसऱ्या टिपणाचं साल! आणि १९५५ चा जनक? १९३६, गार्डनरच्या पदवीचं साल! आणि १९७५ चं अपत्य आहे १९९७, म्हणजे अस्मादिकांचं जन्मसाल. यातून काहीही अर्थ काढू नका, वडिलांचा नाद ज्योतिषाचा होता, मास्तरांचा नव्हता. :)

तुमचं जन्मसाल स्वयंभू आहे का बघा. १९८० ते १९९९ या वीस वर्षांत असे दोनच नशीबवान आहेत. एक सांगतो, १९८५. दुसरा तुम्ही शोधा. उत्तर मुद्दामच देत नाही.